वक्ता : एक गृहिणी

कोशाच्या कचेरीत माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. ज्याच्या वाट्याला जे क्रियापद आलं, तेच त्याचं नाव. 'खाणे' ज्यांच्याकडे होतं त्या बाई दुपारच्या डब्यात एक काकडी आणि अर्धं सफरचंद आणत. 'पळणे' सांभाळणारे गृहस्थ जिना चढताना दर मजल्यावर टेकत. आणि 'लागणे' नऊ वर्षं ज्यांच्या मानगुटीवर बसलं होतं, त्या कोशकारांना सगळी कचेरी 'लागणे' म्हणत असे. लागणे आले का, लागणे आज लवकर गेले, लागण्यांना चहा द्या. सुरुवातीला त्यांना हे खटकलं. पुढे त्याची सवय लागली, आणि सवय लागली त्या दिवशी त्यांनी त्याचंही एक कार्ड केलं.

हे क्रियापद दिसायला गरीब. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण एकदा घरात घेतलं की हातपाय पसरतं. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. बाई नात्याने मावशी लागते आणि तिची भाजी खारट लागते. गाडी फलाटाला लागते, आणि काहींना तीच गाडी पोटात लागते. मूळ पाहावं तर अगदी साधं. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे. त्यावरून 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, त्याचं प्राकृतात झालं 'लग्ग', आणि तिथून आपलं लागणे. विवाहाला आपण लग्न म्हणतो तो शब्दही याच घरचा. ही व्युत्पत्ती कोशकारांनी पहिल्याच आठवड्यात लिहून टाकली. उरलेली नऊ वर्षं काय काय कुठे कुठे चिकटतं, ते शोधण्यात गेली.

व्युत्पत्ती लिहिली त्या संध्याकाळी मोठ्या कौतुकाने त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "अगं, लग्नाचं आणि लागण्याचं मूळ एकच."

बायको शिवणयंत्रात दोरा ओवत होती. "मूळ एकच असेल," ती म्हणाली. "फळं वेगवेगळी."

कोशकारांनी मान डोलावली. वाक्य छान होतं, पण त्यात 'लागणे' नव्हतं. त्यांनी सोडून दिलं.

कचेरीचे नियम मोजके आणि कडक होते. उदाहरणाचं वाक्य नसेल, तर अर्थ नाही. वाक्य छापील पुस्तकातलं असावं. तिथे मिळालं नाही तर कुणाच्या तोंडचं चालेल. मात्र बोलणाऱ्याला कळता कामा नये की आपलं बोलणं टिपलं जातंय, कारण कळलं की माणूस पुस्तकासारखा बोलायला लागतो. टिपणाऱ्याने मध्ये बोलू नये, प्रश्न विचारू नये, वाक्याला धक्का लावू नये. वाक्य संपलं की ताबडतोब कार्डावर उतरवावं. वक्ता कोण, तारीख कोणती, प्रसंग काय, तेही नोंदवावं. आणि ग्रंथ छापायला जाण्याआधी वक्त्याला ते कार्ड दाखवून त्याची सही घ्यावी. सही नसेल, तर वाक्य बाद. वाक्य बाद, तर अर्थ बाद.

आता पुस्तकांतली माणसं नको तितकं नीट बोलतात. त्यांना कळ लागत नाही, उचकी लागत नाही, त्यांच्या मोरीचं तोंड तुंबायला लागत नाही. कोशकारांच्या घरी मात्र हे सगळं रोज होत होतं आणि त्याविषयी बोलणारं माणूसही होतं. बायको घरीच कपडे उसवून, आत घेऊन, लांबी सोडून देण्याचं काम करायची. दिवसभर यंत्राशी, संध्याकाळी नवऱ्याशी बोलायची. दोघांपैकी यंत्र जास्त आवाज करायचं.

कारण कोशकारांनी घरातही नियम पाळला होता. ती बोलायला लागली की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवत, तिच्याकडे नीट बघत, मध्ये एक अक्षर बोलत नसत, आणि वाक्य संपलं की उठून आतल्या खोलीत जात. तिथे टेबलाच्या खणात कोरी कार्डं असत. शेजारीण म्हणायची, "तुमचे हे किती लक्ष देऊन ऐकतात हो. आमच्याकडे टीव्हीसमोर आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं." बायको म्हणायची, "ऐकतात खरे. आणि मग उठून जातात."

तिला वाटायचं, पोटाचा त्रास असेल.

असं करता करता नव्याण्णव अर्थ झाले. त्यांतले अडतीस छापील पुस्तकांतले आणि बाकीचे एकसष्ट खणातले. मग शंभरावाही झाला. मुख्य संपादक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, त्यांना आकड्यांची फार आवड. एका क्रियापदाचे शंभर अर्थ म्हटल्यावर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी प्रकाशनाच्या पत्रिका छापायला टाकल्या, वर ठळक अक्षरांत 'एका शब्दाची शंभरी'. आणि कोशकारांना खोलीत बोलावून, खुर्ची देऊन सांगितलं, "लागणे, तुम्ही पुढच्या महिन्यात निवृत्त होताय. पण ही शंभरी पार पडली, की दोन वर्षांची मुदतवाढ पक्की. तुम्हाला 'लावणे' देतो."

'लावणे'. लागण्याचा सख्खा भाऊ, आणि त्याहून दांडगा. कोशकारांना रात्री याच शब्दाची स्वप्नं पडत. निवृत्त होऊन घरी बसण्याची त्यांना मनापासून भीती वाटत होती. घरी बसून माणूस करतो काय, हे त्यांना नऊ वर्षांत पाहायला मिळालं नव्हतं.

"फक्त सह्या राहिल्यात तेवढ्या घेऊन टाका," साहेब म्हणाले. "तुमची वक्त्री तर घरचीच आहे. हातचा मळ."

एकसष्ट आणि शंभरावं धरून बासष्ट कार्डं चपलांच्या खोक्यात भरून कोशकार घरी आले. बायको एका पँटची लांबी सोडत होती. त्यांनी खोकं शिवणयंत्रावर ठेवलं आणि घसा साफ करून नियम समजावून सांगितला. कोश म्हणजे काय, उदाहरण म्हणजे काय, वक्ता म्हणजे कोण. शेवटी पेन पुढे केलं.

"म्हणजे मी जे बोलत होते," बायको सावकाश म्हणाली, "ते तुम्ही लिहून घेत होतात."

"शब्दन् शब्द."

"नऊ वर्षं."

"एकही काना-मात्रा बदललेली नाही," कोशकार अभिमानाने म्हणाले. त्यांना वाटलं, ती हरखून जाईल. आपलं बोलणं ग्रंथात छापून येणार म्हटल्यावर कुणालाही बरं वाटेल.

बायकोने चष्मा लावला, सुई गादीत खोचली आणि पहिलं कार्ड उचललं. "अर्थ बारावा," ती वाचायला लागली. "क्रियेचा आरंभ होणे. 'अहो, छत गळायला लागलंय, बघा जरा.' वक्ता, एक गृहिणी. तारीख..." ती थांबली. मग मान वर करून तिने छताकडे पाहिलं. तिथे चहाच्या रंगाचा एक डाग होता आणि त्याच्या बरोबर खाली, कोपऱ्यात, पितळी पातेलं. पातेलं तिथे सात वर्षं होतं. पाहुणे त्यात छत्र्या ठेवत.

"सात वर्षांपूर्वीची तारीख आहे," ती म्हणाली.

"तारीख बिनचूक असावीच लागते."

तिने पुढचं कार्ड घेतलं. "'मागचं दार नीट लागत नाही, मांजर येतं आत.' दार अजून लागत नाही. 'नळाला फडकं बांधून बांधून माझ्या बोटांची वाट लागली.'" ती कार्डं पत्त्यांसारखी एकेक खाली ठेवत गेली. "'चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो.' हा तोच चष्मा. 'डॉक्टर म्हणाले तपासणीला दोघांनी यावं लागेल.' मी शेजारणीला नेलं होतं."

कोशकार गप्प बसले. नियमच तसा होता.

"मला वाटायचं तुमच्या कानांत दोष आहे," बायको म्हणाली. "एकदा मी कानाच्या डॉक्टरांकडे नाव घालून आले होते. तर कान ठणठणीत आहेत की तुमचे. एवढं स्पष्ट ऐकू येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

"सही," कोशकार म्हणाले. "इथे, खाली."

तिने पेन लगेच घेतलं नाही. तिने कार्डांचे दोन गठ्ठे केले, जसे ती शिवून झालेले आणि शिवायचे कपडे वेगळे करायची. एका गठ्ठ्यात नुसतं बोलणं होतं: भाजी खारट लागली, ऊन लागलं, पोराटोरांना दृष्ट लागली. त्यावर तिने भराभर सह्या केल्या, आठाला आठ. दुसऱ्या गठ्ठ्यात त्रेपन्न होती. एक कार्ड मात्र तिने वाचलं, परत वाचलं, आणि दोन्ही गठ्ठ्यांत न ठेवता यंत्राच्या खणात टाकलं.

"या त्रेपन्नांतलं काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचा कपडा मी अर्धा शिवून देत नाही, नि तोही माझ्याकडून अर्धा नेत नाही. एकेक काम पुरं करा, एकेक सही न्या."

"अगं, दहा दिवसांत छापायला जायचंय."

"मग आज सुरुवात करायला लागेल," बायको म्हणाली. आणि थांबून, अगदी सभ्यपणे, "हे हवं का कार्डावर?"

कोशकारांनी कचेरीत आजारी असल्याची चिठ्ठी पाठवली आणि आयुष्यात प्रथमच शिडी भाड्याने आणली. पुढच्या आठवड्यात त्यांना पुष्कळ काही लागलं. छतावर पत्रा बसवताना हातोडी अंगठ्याला लागली. दाराची बिजागरी सोडवताना पाठीत कळ लागली. नळ उघडून बसले तेव्हा पाण्याची अशी धार लागली की शेजारीण बादली घेऊन धावत आली आणि "काय हो, आज ऐकायचं सोडून हे काय?" म्हणाली. दर कामानंतर ते बायकोसमोर उभे राहत. ती जाऊन बघायची, दार उघडून लावून पाहायची, नळाखाली हात धरायची, मगच सही करायची. चष्म्याच्या दुकानात दोघं गेली. तपासणीच्या दवाखान्यात दोघं गेली. सुदैवाने काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "चार वर्षांपूर्वीच दोघं आला असतात तर जास्त बरं झालं असतं." कोशकारांनी हे वाक्य खाली मान घालून ऐकलं.

काही कार्डांना इलाज नव्हता. 'मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जायला लागेल, ती नाचणार आहे.' मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. कोशकारांनी तिला फोन करून विचारलं की तू तेव्हा कोणता नाच केला होतास. मुलगी आधी घाबरली, मग तब्बल पाऊण तास सांगत बसली. बायकोने त्या कार्डावर सही केली, पण आधी थोडा वेळ पेन नुसतं हातात धरलं.

नवव्या दिवशी दुपारी दुसरा गठ्ठा संपला. पातेलं कोपऱ्यातून उठून स्वयंपाकघरात गेलं. कोशकारांच्या अंगठ्याला पट्टी होती आणि मनाला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. त्यांना 'लावणे' दिसायला लागलं होतं.

"एकच राहिलं," ते म्हणाले. "शंभरावं."

बायकोने यंत्राचा खण उघडला आणि ते कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने."

हे कार्ड त्यांचं लाडकं. बाकीच्यांपेक्षा जुनं, दुसऱ्याच एका अर्थाखाली चुकून पडून राहिलेलं, गेल्या महिन्यात सापडलेलं. त्याने शंभरी भरली होती. ते वाचू लागले. "अर्थ शंभरावा. मनाने एखाद्या गोष्टीचा सतत पाठपुरावा करणे. 'आईला माझा ध्यास लागलाय.' वक्ता, एक गृहिणी. प्रसंग, संध्याकाळी शिवणकाम करताना, सहज." मग त्यांनी तारीख वाचली आणि ते थांबले.

त्या तारखेनंतर अकरा दिवसांनी त्यांची सासू गेली होती. निरोप सकाळी आला, बायको दुपारच्या गाडीने एकटी गेली, आणि पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. कोशकारांच्या कचेरीत त्या दिवशी बैठक होती.

"सहज," बायको म्हणाली.

यंत्रावर एका लहान मुलीचा झगा अर्धवट शिवून पडला होता. ती त्याची शिवण बोटाने सपाट करत राहिली.

"मी हे बाद करतो," कोशकार म्हणाले.

"कशाला? खरं आहे ते. मी म्हणाले होते." तिने कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, सही केली आणि परत दिलं. "फक्त वाक्य अर्धं आहे."

"अर्धं?"

"मी तिथे थांबले नव्हते. त्याच्या पुढे आणखी एक वाक्य बोलले होते. ते कुठे आहे?"

कोशकारांनी कार्ड उलटंपालटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्यांनी डोळे मिटून ती संध्याकाळ आठवायचा प्रयत्न केला. नऊ वर्षांत त्यांनी हजारो वाक्यं वाचली होती, ऐकली होती, पारखली होती. आईला ध्यास लागला आहे, त्यापुढे बाई काय म्हणेल? "तू म्हणालीस, एकदा जाऊन यायला हवं."

"नाही."

"मला रजा मिळेल का, असं विचारलंस."

"नाही."

"तिला इकडे घेऊन येऊ या."

"तुम्ही आता रचताय," बायको म्हणाली. "चांगली रचताय. पण मी ते बोलले नव्हते."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मागचं दार वाऱ्याने हललं आणि नीट लागलं.

"मला नाही माहीत," ते शेवटी म्हणाले. "मी खोलीत नव्हतो. कार्ड आणायला उठलो होतो."

"हो," बायको म्हणाली. "मी तुमच्या पाठीशी बोलले. तुम्ही आतून येईपर्यंत मला पुन्हा तेच म्हणायचं धैर्य राहिलं नाही."

"काय म्हणालीस?"

तिने झगा उचलून सुईखाली सरकवला. "त्यात तुमचं 'लागणे' नव्हतं हो," ती म्हणाली आणि यंत्र सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी कोशकारांनी साहेबांच्या टेबलावर एकसष्ट कार्डं ठेवली. साहेबांनी मोजली. त्यांना मोजायला आवडायचं.

"एक कमी आहे."

"शंभरावं. ते मी मागे घेतलंय."

साहेबांचा चेहरा उतरला. पत्रिका छापून झाल्या होत्या, एका मंत्र्यांना बोलावलं होतं, त्यांच्यासाठी लिहून ठेवलेल्या भाषणात शंभर हा आकडा सात वेळा आला होता. "वक्त्रीने सही दिली नाही?"

"दिली." कोशकारांनी खिशातून कार्ड काढून दाखवलं. सही ठसठशीत होती. एक गृहिणी हे शब्द खोडून तिने तिथे आपलं पूर्ण नाव घातलं होतं, माहेरच्या आडनावासकट.

"मग घोडं कुठे पेंड खातंय? वाक्य उत्तम आहे. सही आहे. तारीख आहे."

"वाक्य अर्धं आहे, साहेब."

"तर पुरं करा. पुढे काय म्हणाली ती?"

"ते मी ऐकलं नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. नऊ वर्षं ज्या माणसाने दुसरं काही केलं नाही, त्याने असं म्हणावं, हे त्यांना थट्टेसारखं वाटलं. ते म्हणाले, कुणाला कळणार आहे. ते म्हणाले, अर्ध्या वाक्यानेही अर्थ पुरा होतो, कोशाला तेवढं बस आहे. मग त्यांनी, अगदी हळुवारपणे, मुदतवाढीची आठवण करून दिली. कोशकारांनी कार्ड खिशात घातलं.

'लावणे' दुसऱ्याला दिलं गेलं. 'पळणे'वाले गृहस्थ आनंदाने पळतच ते घ्यायला आले, म्हणजे एका मजल्यावर टेकून. पत्रिकांवरच्या 'शंभरी'वर 'नव्याण्णव' छापलेली चिठ्ठी चिकटवण्याचं काम मात्र साहेबांनी मुद्दाम कोशकारांनाच दिलं. नोकरीतला शेवटचा आठवडा त्यांनी हातात गोंदाची बाटली घेऊन काढला. क्रियापदाचा मूळ अर्थ इतक्या जवळून त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी बायको बोलायला लागली. एका गिऱ्हाइकाविषयी होतं, तिने झगा दोनदा परत आणला होता. मग ते शेजारणीवर गेलं, तिथून मुलीवर, मग थोडा वेळ आईवर. कोशकारांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. वाक्यांत 'लागणे' दोनदा आलं, तेव्हा त्यांचे पाय सवयीने हलले. त्यांनी ते खुर्चीखाली दाबून धरले. बायकोने ते पाहिलं आणि बोलत राहिली. बरंच बोलून झाल्यावर ती थांबली.

ते उठले नाहीत. ती वाट बघत राहिली, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आता बोलायची पाळी आपली आहे.